पिकअप घ्यायची आहे: डिझेल की पेट्रोल? नाशिक पट्ट्यातून सतत येणारे प्रश्न

निफाड, दिंडोरी, सिन्नर, चांदवड, कळवण इथले शेतकरी, भाड्याने गाडी चालवणारे आणि अंबड-सातपूरला माल पोचवणारे छोटे कारखानदार यांच्याकडून हे प्रश्न वारंवार येतात. पिकअप म्हणजे इथे छोट्या हत्तीपासून (टाटा एस) बोलेरो पिकअपपर्यंतच्या, एकूण वजन साधारण साडेतीन टनांच्या आत असलेल्या गाड्या. इंधनाचे भाव बदलत राहतात. म्हणून हिशेबातले आकडे उदाहरणापुरते धरले आहेत. त्या जागी तुमच्या पंपावरचे आणि तुमच्या गाडीचे घाला.

१. डिझेल आणि पेट्रोल इंजिनात मुळात फरक काय?

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि त्यात डिझेल फवारलं की पेट घेते. पेट्रोलमध्ये हवा साधारण दहा-अकरा पट दाबतात, डिझेलमध्ये सोळा ते अठरा पट. बाकीचे सगळे फरक या दाबातून निघतात. दाब सोसायचा म्हणून डिझेलचा ब्लॉक, पिस्टन, क्रँक जाड आणि जड असतात, त्यामुळे इंजिन महाग पडतं, आवाज आणि थरथर जास्त असते. पण त्याच दाबामुळे इंधनातली जास्त उष्णता कामाला येते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के जास्त ऊर्जा असते. ॲव्हरेज जास्त मिळतं ते या दोन्ही कारणांनी.

२. शोरूममध्ये गेलो तर मोठ्या पिकअपमध्ये पेट्रोल दाखवतच नाहीत. असं का?

कारण तिथे ते जवळजवळ नाहीच. डिझेल की पेट्रोल ही निवड खरी असते ती एक टनाच्या आतल्या गाड्यांत. टाटा एस पेट्रोलमध्ये मिळते, मारुती सुपर कॅरी पेट्रोल आणि सीएनजीत मिळते. सव्वा-दीड टन माल नेणाऱ्या बोलेरो पिकअप, इंट्रा व्ही ३०, बडा दोस्त या वर्गात डिझेल हेच मुख्य इंजिन. पर्याय असलाच तर सीएनजीचा (प्रश्न १२).

म्हणून इंधन ठरवण्याआधी वजन ठरवा. तुमची नेहमीची खेप पंधरा क्विंटलची असेल तर पेट्रोलचा विचार सोडून द्या. सहा-सात क्विंटलची असेल, तर खालचे प्रश्न नीट वाचा. बरेच जण सवयीने मोठी डिझेल गाडी घेतात आणि वर्षभर ती अर्धी रिकामी फिरवतात.

३. "दम डिझेललाच" असं सगळे मिस्त्री सांगतात. खरं आहे का?

मालवाहू गाडीपुरतं बोलायचं तर बरंचसं खरं आहे, पण ते कशामुळे हे कळलं तर निवड सोपी जाते. सुपर कॅरीचं १.२ लिटर पेट्रोल इंजिन सुमारे ८० हॉर्सपॉवर देतं, टॉर्क (म्हणजे ओढ) सुमारे १०४ एनएम. इंट्रा व्ही ३०चं १.५ लिटर डिझेल इंजिन ७० हॉर्सपॉवरचं, पण टॉर्क १४० एनएम. म्हणजे हॉर्सपॉवर पेट्रोलची जास्त आणि ओढ डिझेलची जास्त.

मुख्य फरक ही ओढ कुठे मिळते यात आहे. डिझेलला ती इंजिनाच्या मिनिटाला १,८०० फेऱ्यांपासून (आरपीएम) मिळते आणि ३,०००पर्यंत टिकते. पेट्रोलची पूर्ण ८० हॉर्सपॉवर हवी असेल तर इंजिन ६,००० फेऱ्यांपर्यंत ताणावं लागतं. भरलेली गाडी शेताच्या बांधावरून वर काढताना, किंवा चढावर थांबून पुन्हा सुटताना डिझेल शांतपणे उचलतं. पेट्रोलवाल्याला त्याच जागी हाफ क्लचवर गाडी खेळवावी लागते आणि क्लच प्लेट लवकर जाते. याउलट रिकामी किंवा हलकी गाडी शहरात हाकायला पेट्रोल जास्त मोकळं वाटतं.

४. रोजचं रनिंग किती असेल तर डिझेल परवडतं?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि "डिझेलच घ्या" असं डोळे मिटून सांगणारे नुकसान करतात ते इथेच. साधा हिशेब मांडू.

समजा एकाच वजनाच्या दोन गाड्या आहेत. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि ॲव्हरेज १६ धरलं, तर किलोमीटरला साडेसहा रुपये. डिझेल ९१ रुपये आणि ॲव्हरेज २० धरलं, तर ४ रुपये ५५ पैसे. फरक १ रुपया ९५ पैसे. डिझेलचं ऑइल, फिल्टर, इंजेक्टर यांचा जादा खर्च किलोमीटरमागे ३० पैसे वजा केला, तर निव्वळ बचत १ रुपया ६५ पैसे. डिझेल गाडी एक लाखाने महाग असेल, तर तो लाख वसूल व्हायला सुमारे ६०,६०० किलोमीटर लागतात.

आता आपापलं रनिंग घाला. रोज ३० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ९,००० किलोमीटर. लाख फिटायला पावणेसात वर्षं. तोवर हप्ते संपून गाडी विकायची वेळ आलेली असते. रोज १२० किलोमीटर असतील तर वर्षाला ३६,००० आणि वीस महिन्यांत वसुली. त्यानंतरचा प्रत्येक किलोमीटर फायद्याचा.

माझं मत: रोज ४० किलोमीटरच्या आत आणि माल हलका असेल तर डिझेल घेऊ नका. ८०च्या वर असेल तर घ्या. मधल्या पट्ट्यात निर्णय मालाच्या वजनावर आणि घाटावर सोडा (प्रश्न ९). कर्जावर गाडी घेत असाल तर त्या जादा लाखावरचं व्याजही या हिशेबात धरा, बहुतेक जण ते विसरतात.

५. पूर्वी डिझेल किती तरी स्वस्त होतं. आता भावात फारसा फरक राहिला नाही, मग डिझेलला अर्थ काय?

पेट्रोलचे भाव सरकारी नियंत्रणातून जून २०१०मध्ये सुटले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४मध्ये. मधल्या चार वर्षांत डिझेल कृत्रिमरीत्या स्वस्त होतं आणि "डिझेल म्हणजे निम्मा खर्च" ही समजूत तेव्हाची आहे. आज फायद्याचा मोठा भाग भावातून येत नाही, ॲव्हरेजमधून येतो. प्रश्न ४मधल्या उदाहरणात दोन्ही इंधनं १०४ रुपयांनी धरून बघा: डिझेलचा खर्च ५ रुपये २० पैसे होतो, फरक १ रुपया ३० पैसे उरतो. बचत घटली, संपली नाही. फक्त ती गोळा करायला जास्त पळावं लागतं.

६. आमचं शेत पिंपळगाव मार्केटपासून आठ किलोमीटरवर. नव्या डिझेल पिकअपला सारखा पिवळा दिवा लागतो. गाडीत खोट आहे का?

बहुतेक वेळा खोट नसते, वापर आणि गाडी यांचं जुळत नसतं. १ एप्रिल २०२०पासून देशभर धुराच्या प्रदूषणाचे बीएस ६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारी जाळी बसली. तिला डीपीएफ म्हणतात. ही जाळी भरत आली की गाडी आपोआप धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी इंजिन गरम हवं आणि गाडी काही वेळ सलग पळायला हवी.

आठ किलोमीटरच्या खेपेत इंजिन जेमतेम तापतं तोच मार्केटचं गेट येतं. टोमॅटोच्या हंगामात रांगेत तासभर इंजिन चालू ठेवून इंच-इंच पुढे सरकायचं, माल उतरवून परत आठ किलोमीटर. काजळी तयार होत राहते, जळायला उष्णता मिळत नाही. जळण्याची क्रिया सुरू झाली आणि तुम्ही मध्येच गाडी बंद केली, असं वारंवार झालं की त्यासाठी फवारलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ते पातळ झालेलं ऑइल आहे, लगेच बदला.

दिवा लागल्यावर गाडी महामार्गावर काढा आणि वीस-तीस मिनिटं ५०-६०च्या वेगाने, फेऱ्या २,०००च्या खाली येऊ न देता चालवा. गाडीच्या पुस्तकात दिलेली पद्धत वेगळी असेल तर ती पाळा. दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करते, मग वर्कशॉपमध्ये मशीन लावून जाळी साफ करावी लागते. तरी नाही भागलं तर नवी जाळी, आणि तिची किंमत ऐकून कुणाचाही हंगामाचा हिशेब कोलमडेल. रांगेत इंजिन बंद ठेवा. बीएस ६साठी सांगितलेलंच कमी राखेचं ऑइल वापरा. ऑइलची राख जाळीत साचते आणि ती कधीच जळत नाही.

आणि अजून गाडी घेतली नसेल, खेप कायम पाच-दहा किलोमीटरचीच असेल, तर पेट्रोल किंवा सीएनजी घ्या. या प्रश्नाला दुसरं प्रामाणिक उत्तर नाही.

७. गावातला मिस्त्री म्हणतो, डीपीएफ कापून टाकू, कटकट संपेल. करू का?

नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. वॉरंटी जाते, पीयूसी आणि पासिंगला अडचण येते. पण मला याहून मोठं कारण वाटतं ते धुराचं. ती काजळी मार्केटमध्ये हमालांच्या, शेजारच्या गाडीवाल्याच्या आणि तुमच्याच पोरांच्या छातीत जाते. जाळी सारखी भरत असेल तर कारण शोधा: वापर (प्रश्न ६), खराब इंजेक्टर, टर्बोतून (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) येणारं ऑइल, चुकीचं ऑइल.

८. काही डिझेल गाड्यांत युरियाची वेगळी टाकी असते. घरचा युरिया पाण्यात कालवून चालेल का?

अजिबात नाही. त्या टाकीत डीईएफ, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारं द्रव, घालतात. ते अतिशुद्ध युरियाचं ३२.५ टक्के द्रावण असतं आणि त्यातलं पाणी क्षारमुक्त असतं. शेतीच्या युरियावर कडुनिंबाचं लेपन असतं, त्यात इतर अशुद्धी असतात, बोअरच्या पाण्यात क्षार असतात. हे सगळं फवारणीच्या नोझलमध्ये आणि पुढच्या उत्प्रेरकात जमा होऊन महागडा भाग निकामी करतं. सीलबंद कॅन घ्या, सावलीत ठेवा, आणि चुकून डिझेलच्या टाकीत ओतू नका. सगळ्याच छोट्या डिझेल गाड्यांत ही टाकी नसते. खरेदीच्या वेळी विचारा, कारण तो एक जादा खर्च आणि जादा लक्ष आहे.

९. आठवड्यातून चार वेळा भाजी घेऊन वाशीला जातो. कसारा घाटासाठी काय घ्यावं?

डिझेल, आणि यात मला शंका नाही. अंतर मोठं, वजन पूर्ण, रात्रभर सलग पळणं: डिझेलला जे जे हवं ते सगळं या फेरीत आहे. डीपीएफही आपोआप साफ राहतो. येताना रिकामे क्रेट किंवा परतीचं भाडं घेऊन घाट चढायचा असतो, तिथेही प्रश्न ३मधली खालच्या फेऱ्यांची ओढ कामी येते.

आणखी एक मुद्दा फार कमी लोक लक्षात घेतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. वर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्का घटते. छोटी पेट्रोल इंजिनं टर्बोविना असतात, त्यामुळे कागदावरची ताकद इथे पाच-सहा टक्के कमीच भरते. डिझेलचा टर्बो ही घट बरीचशी भरून काढतो. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलवर ठेवा, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहील.

उतरताना मात्र सावध. पेट्रोल गाडीत पाय काढला की थ्रॉटल मिटतं आणि इंजिन स्वतः गाडी धरतं. डिझेलमध्ये ही पकड तुलनेने कमी असते आणि अंगावर माल जास्त असतो. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर खाली घ्या. न्यूट्रलवर सोडून डिझेल वाचवायला जाणारे ब्रेक तापवून बसतात. गिअरमध्ये पाय काढलेला असताना आधुनिक इंजिन तसंही इंधन फवारत नाही.

१०. पेठ, सुरगाणा, सप्तशृंगी गडाकडच्या रस्त्यांसाठी वेगळं काही?

घाटाचं गणित प्रश्न ९सारखंच, पण अंतर कमी आणि वळणं जास्त. इथे इंधनापेक्षा पहिल्या गिअरची ओढ, जमिनीपासूनची उंची आणि टायर जास्त महत्त्वाचे. हलका माल घेऊन पेट्रोल छोटा हत्तीही सावळघाट चढतो, फक्त भरून चढवू नका.

११. डिझेल गाडी दीडपट माल सहज ओढते. मग तेवढा भरायला काय हरकत?

इंजिन ओढतं, ब्रेक थांबवत नाहीत. पासिंगचं वजन ठरतं ते चासी, ॲक्सल, पाटे, टायर आणि ब्रेक यांच्यावरून. इंजिनाला किती ओढता येतं यावरून नाही. वीस किलोचे टोमॅटोचे क्रेट धरले तर १,३०० किलोत पासष्टच बसतात, आणि त्यात रिकाम्या क्रेटचं वजन यायचंच आहे. शंभर क्रेट लावून जाणाऱ्या गाड्या रोज दिसतात. टायर फुटला किंवा चांदवडच्या उतारावर ब्रेक लागला नाही तर काय होतं, हे महामार्गावर राहणाऱ्यांना सांगायला नको. कलम १९४नुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा वजनाची पावती मागते. एका फेरीत नेण्यापेक्षा दोन फेऱ्या करा, किंवा वरच्या पासिंगची गाडी घ्या.

१२. मग सीएनजी का नको? सगळे आता तेच घेत आहेत.

शहरात आणि महामार्गावर फिरणाऱ्यासाठी सीएनजी आज फार चांगला पर्याय आहे. नाशिकला महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडचं जाळं आहे, डीपीएफची कटकट नाही, इंजिन शांत असतं. घेण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, वजन. टाक्या जड असतात. सुपर कॅरी पेट्रोलमध्ये ७४० किलो माल नेते, सीएनजीत ६२५. म्हणजे प्रत्येक खेपेला ११५ किलो माल कमी. दुसरी, ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते, चढावर ती जाणवते. तिसरी, पंप. तुमच्या रोजच्या वाटेवर पंप आहे का आणि तिथे रांग किती, हे गाडी बुक करण्याआधी चार दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहा. नाशवंत माल घेऊन गॅसच्या रांगेत उभं राहणं परवडत नाही. पेट्रोलची टाकी या गाड्यांत अनेकदा पाच लिटरचीच असते, ती फक्त पंपापर्यंत पोचण्यापुरती. सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. बाहेरून किट बसवण्यापेक्षा कंपनीची गाडी घ्या, आणि आरसीवर इंधनाची नोंद बघा.

१३. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. ॲव्हरेजवर आणि इंजिनावर परिणाम होतो का?

ॲव्हरेजवर होतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. पूर्वी १६ देणारी गाडी १५च्या आसपास आली तर नवल नाही. प्रश्न ४चा हिशेब करताना पेट्रोलचं जुनं ॲव्हरेज धरू नका.

इंजिनाबद्दल: एप्रिल २०२३नंतर बनलेल्या गाड्यांचे रबर आणि धातूचे भाग या इंधनासाठी जुळवलेले असतात. त्याआधीची गाडी असेल तर इंधनाच्या नळ्या आणि सील प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासा. इथेनॉल पाणी शोषतं, त्यामुळे पावसाळ्यात टाकीचं झाकण नीट बसतंय ना हे बघा. उसाच्या पट्ट्यातले शेतकरी म्हणून या इंधनात आपलाही वाटा आहे, पण गाडीच्या हिशेबात भावना घालू नये.

१४. डिझेलची देखभाल खरंच इतकी महाग पडते का?

नेहमीची सर्व्हिसिंग थोडीशीच महाग. महाग असतं ते बिघडल्यावर. आजचं डिझेल इंजिन हजार बारच्या कितीतरी वरच्या दाबाने इंधन फवारतं. इंजेक्टरची छिद्रं अतिशय बारीक असतात आणि पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. त्यामुळे पाणी, कचरा किंवा भेसळ चालत नाही. शेतावर ड्रममध्ये साठवलेलं, ट्रॅक्टरसाठी आणलेलं डिझेल पिकअपमध्ये ओतणं हे इंजेक्टर जाण्याचं आमच्याकडे वारंवार दिसणारं कारण आहे. डिझेल फिल्टर वेळेवर बदला, फिल्टरखालचं पाणी पावसाळ्यात आठवड्याला सोडा. पेट्रोलमध्ये प्लग, एअर फिल्टर, ऑइल एवढ्यावर काम भागतं आणि गावचा कोणताही मिस्त्री ते करू शकतो.

१५. पंपावर चुकून डिझेल गाडीत पेट्रोल भरलं. काय करू?

चावी फिरवू नका. इंजिन सुरू झालं नसेल तर टाकी रिकामी करून नवं डिझेल भरलं की काम होतं. सुरू केलं असेल तर पेट्रोल वंगण देत नाही म्हणून पंप घासला जातो आणि त्याचा चुरा सगळ्या इंजेक्टरमध्ये जातो. ताबडतोब बंद करा, टो करून न्या. पेट्रोल गाडीत डिझेल गेलं तर नुकसान कमी असतं, पण तीही न चालवता टाकी साफ करून घ्या.

१६. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा पाच अंशांखाली जातो. डिझेल सकाळी चालू होईल का?

होईल. डिझेल गोठून फिल्टर तुंबण्याइतकी थंडी इथे सहसा पडत नाही. सकाळी उशिरा सुरू होण्याचं कारण बहुधा मरत आलेली बॅटरी किंवा गेलेला हीटर प्लग असतो. चावी पहिल्या टप्प्यावर आणून स्प्रिंगसारखा दिवा विझेपर्यंत थांबा, मग सुरू करा. पेट्रोलला या थंडीचा काहीच त्रास नाही.

१७. द्राक्षं पॅकहाऊसला न्यायची आहेत. डिझेलच्या थरथरीने मणी गळतील का?

द्राक्षांचं नुकसान होतं ते रस्त्याच्या हादऱ्यांनी. रिकाम्यासारख्या हलक्या भरलेल्या मोठ्या पिकअपचे कडक पाटे क्रेट उडवतात. पाच क्विंटल द्राक्षांसाठी दीड टनी गाडीपेक्षा छोटी गाडी मालाला मऊ पडते. इंधनाने इथे काही ठरत नाही.

१८. दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात घालावी लागते ना?

दहा वर्षांचा डिझेलचा आणि पंधरा वर्षांचा पेट्रोलचा नियम दिल्ली आणि राजधानी परिसराचा आहे, नाशिकचा नाही. इथे मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाड्यांना महाराष्ट्रात पर्यावरण करही आहे. गाडी पास होत असेल तर चालवता येते.

१९. बीएस ४ची जुनी डिझेल पिकअप स्वस्तात मिळतेय. घ्यावी का?

कमी रनिंग असणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही कधीकधी उत्तम निवड ठरते, कारण अशा बहुतेक गाड्यांत डीपीएफ नाही आणि प्रश्न ६ची अडचण उद्भवत नाही. पंपावरचं बीएस ६ डिझेल तिला चालतं. बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना, आणि मालकाला आधी सुरू करून ठेवू देऊ नका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंजेक्टर किंवा एअर फिल्टर, गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. ऑइलचं झाकण काढून बघा, जोरात फुंकर येत असेल तर पिस्टन रिंग गेल्या. चासी खालून वाकलेली किंवा वेल्डिंग केलेली असेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. आठ वर्षांपुढची गाडी असेल तर प्रश्न १८चा खर्च किमतीतून वजा करून बोली लावा.

२०. आमचा अंबडला छोटा कारखाना आहे. करात डिझेल-पेट्रोलचा काही फरक?

गाडीच्या खरेदीत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झाला, तो दोन्हींना सारखाच. जीएसटी नोंदणी असेल आणि नेहमीची करपात्र विक्री असेल तर मालवाहू गाडीवरच्या कराचं क्रेडिट साधारणपणे घेता येतं. तुमच्या सीएकडून खात्री करा. पेट्रोल, डिझेल आणि नैसर्गिक वायू मात्र जीएसटीबाहेर आहेत, त्यांच्या बिलावर क्रेडिट नाही. सातपूर-अंबड-गोंदे अशा फेऱ्यांसाठी, माल सहाशे किलोच्या आत असेल तर, माझी पहिली पसंती सीएनजी आणि दुसरी इलेक्ट्रिक. रात्री कारखान्यातच चार्जिंग करता येतं आणि रनिंग ठरलेलं असतं, तिथे इलेक्ट्रिकचा हिशेब मांडून बघायलाच हवा.

२१. अमेरिकेत एवढ्या मोठ्या पिकअप पेट्रोलवर चालतात. मग आपल्याकडेच डिझेलचा हट्ट का?

तिथली बरीच पिकअप रोज एका माणसाला कामावर नेते, माल कधीमधी. डिझेल तिथे गॅलनमागे सहसा पेट्रोलहून महाग असतं, उत्सर्जनाचे नियम कडक, आणि टर्बो लावलेली पेट्रोल इंजिनं डिझेलच्या जवळपास ओढ देऊ लागली. फोर्डने एफ-१५०मध्ये २०१८ला तीन लिटरचं डिझेल आणलं आणि २०२१नंतर बंद केलं. रॅम १५००चं इकोडिझेल २०२३ला थांबलं. जनरल मोटर्सने मात्र तीन लिटरचं ड्युरामॅक्स चालू ठेवलं, कारण लांब पल्ल्यावर ट्रेलर ओढणाऱ्यांना ते अजूनही परवडतं. म्हणजे तिथेही निकष तोच: सतत ओझं आणि लांब अंतर असेल तर डिझेल. आपल्याकडेही हा बदल सुरू आहेच. सुपर कॅरी २०१६मध्ये दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनासह आली होती. बीएस ६ला ते इंजिन बंद झालं आणि पेट्रोल-सीएनजी उरलं.

२२. २०२७च्या सिंहस्थात गाडी भाड्याने लावायची आहे. त्यासाठी डिझेल घेऊ का?

फक्त सिंहस्थासाठी नको. पंचवटी, तपोवन, द्वारका परिसरात तेव्हा गर्दीत रखडत, थांबत-थांबत चालवायचं असणार, आणि डिझेलला न मानवणारा वापर नेमका तोच. सिंहस्थ संपल्यावर पुढची पाच-सहा वर्षं गाडी कोणत्या कामाला लागणार, त्यावर ठरवा.

२३. आमची पिकअप द्राक्षाच्या हंगामात जानेवारी ते एप्रिल पळते, नंतर महिनोन्‌महिने उभीच. अशा वापराला कोणतं इंजिन?

इथे प्रश्न ४चा हिशेब आणि प्रश्न ९ची गरज एकमेकांविरुद्ध जातात. हंगामात भरलेल्या लांब खेपा असतील तर डिझेल हवं वाटतं, पण वर्षाचं रनिंग जेमतेम दहा-बारा हजार भरतं. अशा वेळी नवी डिझेल घेऊन लाखो रुपये गोठवण्यापेक्षा चांगली जुनी डिझेल (प्रश्न १९) घ्या, किंवा घरची छोटी पेट्रोल गाडी ठेवून हंगामापुरती मोठी भाड्याने लावा. दोन-तीन भावांनी मिळून एक मोठी गाडी घेतली आणि खेपांचा लेखी हिशेब ठेवला, तर तेही चांगलं चालतं.

गाडी उभी ठेवताना डिझेलची टाकी पूर्ण भरून ठेवा, म्हणजे आत दव धरून पाणी साचणार नाही. पेट्रोलचं उलट: इथेनॉलमिश्रित पेट्रोल महिनोन्‌महिने साठवू नका, पावसाळ्याआधी वापरून संपवा आणि थोडंच ताजं ठेवा. बॅटरीची एक वायर सोडून ठेवा. दोन्ही गाड्या महिन्यातून एकदा अंगणात नुसत्या सुरू करून बंद करू नका. इंजिन तापेपर्यंत, निदान अर्धा तास, रस्त्यावर फिरवून आणा. सायलेन्सरमध्ये उंदरांनी घर केलंय का, वायरी कुरतडल्यात का, हे सुरू करण्याआधी बॉनेट उघडून आणि खाली वाकून बघा.